इच्छुक उमेदवाराचे २१ दिवस : लिंकन यांचा १८६० मधील पूर्वेकडील प्रवास

गुरुवार, २३ फेब्रुवारी १८६०

इलिनॉय राज्याची राजधानी असलेल्या स्प्रिंगफील्डहून अब्राहम लिंकन पूर्वेकडे निघाले, त्या दिवशी गावातील विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या ‘इलिनॉय स्टेट रजिस्टर’ या पत्राने छोटीशी खोचक बातमी छापली. लिंकन ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये व्याख्यान द्यायला जात आहेत. विषय अज्ञात, मोबदला २०० डॉलर आणि प्रवासखर्च, हेतू अध्यक्षपदासाठी भांडवल जमवण्याचा, आणि परिणाम निराशा, असा तिचा आशय होता. परिणामाविषयीचे भाकीत सोडले तर ही बातमी वस्तुस्थितीला फारशी सोडून नव्हती.

अध्यक्षपदाची इच्छा असलेल्या माणसाने स्वतः गावोगाव फिरून मते मागणे हे त्या काळी अशोभनीय मानले जाई. पदाने माणसाला शोधत यावे, माणसाने पदामागे धावू नये, असा संकेत होता. म्हणून प्रवासाला काहीतरी घरगुती निमित्त लागे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लिंकन यांचे जुने प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस हे आईला भेटायला निघालो आहे असे सांगून बाहेर पडले आणि वाटेत ठिकठिकाणी भाषणे करत राहिले, तेव्हा आईचे घर सापडायला इतके दिवस कसे लागतात, अशी त्यांची थट्टा झाली. लिंकन यांच्याजवळ दोन कारणे होती आणि ती दोन्ही खरी होती. एक, ऑक्टोबर १८५९ मध्ये आलेले व्याख्यानाचे निमंत्रण. दुसरे, न्यू हॅम्पशायरमधील एक्सेटरच्या शाळेत शिकणारा १६ वर्षांचा थोरला मुलगा रॉबर्ट. या दोन कारणांच्या आडोशाने जी मोर्चेबांधणी झाली तिचा मागोवा दिवसागणिक घेता येतो, कारण वर्तमानपत्रे, पत्रे आणि बरोबरच्या माणसांच्या आठवणी उपलब्ध आहेत.

या प्रवासाकडे मराठी वाचकाने लक्ष द्यावे असे एक कारण मला वाटते. अमेरिकेतील गुलामगिरी संपवणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले. ती गुलामगिरी १८६० मध्ये अजून भक्कम उभी होती. दक्षिणेच्या राज्यांत सुमारे ४० लाख माणसे मालमत्ता म्हणून मोजली जात होती, आणि पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत ही प्रथा पसरू द्यायची की नाही, एवढ्या एका प्रश्नावर सारे राजकारण फिरत होते.

२४ आणि २५ फेब्रुवारी

स्प्रिंगफील्ड ते न्यूयॉर्क या प्रवासात गाड्या पुन्हा पुन्हा बदलाव्या लागत, बाकांवर बसूनच झोप काढावी लागे, आणि फोर्ट वेन, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया अशी वाट कापत तिसऱ्या दिवशी मुक्काम गाठता येई. तरीही हा वेग त्या काळाच्या मानाने थोर होता. मुंबईहून पुण्याकडे जाणारा बोरघाटातील लोहमार्ग तेव्हा बांधूनही व्हायचा होता आणि तो १८६३ मध्ये सुरू झाला. फिलाडेल्फियात लिंकन यांच्या हाती सायमन कॅमेरॉन आणि डेव्हिड विल्मॉट या पेनसिल्व्हेनियाच्या दोन वजनदार पुढाऱ्यांची भेटपत्रे पडली. ते लगोलग त्यांच्या हॉटेलवर गेले, परंतु दोघांशीही भेट झाली नाही आणि पुढची गाडी गाठायची असल्यामुळे त्यांना तसेच निघावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरॉन यांना चुकामूक झाल्याबद्दल पत्र लिहिले. सहज निघालेला व्याख्याता असा पत्रव्यवहार करत नाही.

शनिवारी ते न्यूयॉर्कच्या ॲस्टर हाउस या हॉटेलात उतरले आणि तेथे त्यांना कळले की व्याख्यानाची जागा बदलली आहे. ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चऐवजी आता मॅनहॅटनमधील कूपर युनियनच्या सभागृहात, लिंकन यांच्याच रिपब्लिकन पक्षातील तरुणांच्या संघटनेतर्फे, बोलायचे होते. चर्चमधल्या श्रोत्यांसाठी तयार केलेले भाषण राजकीय सभेला कितपत मानवेल, या विचाराने त्यांनी कागद पुन्हा हाती घेतले. स्प्रिंगफील्डच्या राज्य ग्रंथालयात बसून, संविधान तयार करणाऱ्यांच्या नोंदी चाळून, काही महिने खपून त्यांनी हा मजकूर सिद्ध केला होता.

रविवार, २६ फेब्रुवारी

सकाळी ते नदीपलीकडे ब्रुकलिनला जाऊन प्लिमथ चर्चमध्ये हेन्री वॉर्ड बीचर यांचे प्रवचन ऐकून आले. उरलेला वेळ भाषणावर हात फिरवण्यात गेला.

सोमवार, २७ फेब्रुवारी

या एका दिवसाकडे थांबून पाहायला हवे.

यजमान मंडळींनी त्यांना ब्रॉडवेवर फिरवले आणि मॅथ्यू ब्रेडी यांच्या छायाचित्रशाळेत नेले. लिंकन यांनी या प्रवासासाठी स्प्रिंगफील्डच्या शिंप्याकडून १०० डॉलरचा नवा सूट शिवून घेतला होता, पण पेटीतल्या घड्यांनी त्याला सुरकुत्या पडल्या होत्या. सहा फूट चार इंच उंची, लांब मान, खोल गेलेले गाल, अशा माणसाचे चित्र चांगले यावे म्हणून ब्रेडी यांनी त्यांना उभे केले, डावा हात पुस्तकांवर टेकवायला लावला आणि सदऱ्याची कॉलर जरा वर ओढायला सांगितली. माझी मान आखूड करायची आहे वाटते, असे लिंकन म्हणाले. अगदी तेच, असे ब्रेडी यांनी उत्तर दिले. ज्या माणसाच्या कुरूपपणाची विरोधक चेष्टा करत, तो या चित्रात शांत, भारदस्त आणि विचारी दिसतो. पुढे उमेदवारी मिळाल्यावर याच चित्रावरून कोरलेल्या प्रतिमा देशभर घरोघरी गेल्या.

रात्री कूपर युनियनच्या तळघरातील मोठे सभागृह गॅसच्या दिव्यांनी उजळले होते. पीटर कूपर या उद्योगपतीने उभारलेली ही संस्था आदल्याच वर्षी सुरू झाली होती. २५ सेंटचे तिकीट काढून सुमारे १,५०० माणसे आली. कवी आणि संपादक विल्यम कलेन ब्रायंट यांनी वक्त्याची ओळख करून दिली. लिंकन उभे राहिले तेव्हा अंगावर न बसणारा सूट, मोठाले हात आणि पश्चिमेकडचे उच्चार यांमुळे श्रोत्यांपैकी काहींना त्यांची कीव वाटली, असे त्या श्रोत्यांनीच नंतर लिहून ठेवले आहे.

भाषणाची बांधणी वकिली होती. डग्लस यांनी ओहायोतील कोलंबसच्या सभेत म्हटले होते की ज्या पूर्वजांनी आपले हे सरकार घडवले त्यांना हा प्रश्न आपल्याइतकाच, किंबहुना अधिक चांगला समजला होता. लिंकन यांनी तेच वाक्य उचलले आणि मान्य करून टाकले. मग हे पूर्वज कोण, असे विचारून त्यांनी संविधानावर सह्या करणाऱ्या ३९ जणांची हजेरी घेतली. नव्या प्रदेशांतील गुलामगिरीवर केंद्राचे नियंत्रण असावे की नाही याविषयी ज्यांनी कधी ना कधी मत दिले होते असे २३ जण त्यांना सापडले, आणि त्यांपैकी २१ जणांनी नियंत्रणाच्या बाजूने मत दिले होते. नाव, साल, ठराव, मत, अशी ही उलटतपासणी संथपणे चालली. मध्ये ते दक्षिणेकडील लोकांना उद्देशून बोलले, गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनच्या आदल्या वर्षीच्या बंडाशी रिपब्लिकन पक्षाचा संबंध नाही हे बजावले, आणि शेवटी स्वपक्षीयांकडे वळून सांगितले की सत्यातूनच सामर्थ्य येते अशी श्रद्धा आपण ठेवू या, आणि त्या श्रद्धेने, आपल्याला समजलेले कर्तव्य अखेरपर्यंत करण्याचे धैर्य दाखवू या.

सुमारे दीड तासाच्या या भाषणानंतर लोक टोप्या उडवत उभे राहिले. पक्षाच्या क्लबात जेवण झाले. नवे बूट पायाला चावत असल्यामुळे लिंकन लंगडत चालत होते, ही आठवण त्यांच्याबरोबर रात्री चाललेल्या एका यजमानाने नोंदवली आहे. तशाच पायांनी ते ‘ट्रिब्यून’ या वृत्तपत्राच्या कचेरीत गेले, छपाईचे खिळे जुळवून झालेल्या मजकुराची प्रुफे स्वतः तपासली आणि मगच झोपायला गेले. महिनोन्‌महिने जपलेले हस्तलिखित मात्र तेथेच राहिले आणि छपाईनंतर नाहीसे झाले. मला या दिवसातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. टाळ्या ज्या सभागृहात पडायच्या त्या पडल्या होत्या. आता त्यांना काळजी होती ती उद्या सकाळी वाचणाऱ्या माणसाची, आणि त्याच्यापर्यंत एकही आकडा चुकीचा जाऊ नये याची. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या चार पत्रांनी संपूर्ण भाषण छापले.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

छापील भाषण गाजल्यामुळे न्यू इंग्लंडमधून, म्हणजे ईशान्येकडील राज्यांतून, आमंत्रणे येऊ लागली. न्यू हॅम्पशायर, कनेटिकट आणि ऱ्होड आयलंड या तिन्ही राज्यांत मार्च-एप्रिलमध्ये निवडणुका होत्या आणि स्थानिक कार्यकर्त्यांना वक्ते हवे होते. लिंकन मुलाकडे निघाले ते वाटेत ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्सला थांबून, रेलरोड हॉलमध्ये भाषण करूनच.

२९ फेब्रुवारी ते ४ मार्च : एक्सेटर

१८६० हे लीप वर्ष होते आणि जास्तीच्या दिवशी बाप-लेकांची भेट झाली. रॉबर्ट आदल्या वर्षी हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत १६ पैकी १५ विषयांत नापास झाला होता आणि तयारीसाठी फिलिप्स एक्सेटर अकादमीत दाखल झाला होता. वडिलांचे स्वतःचे शालेय शिक्षण सगळे मिळून वर्षभराचेही भरत नव्हते.

गुरुवारी, १ मार्चला, रॉबर्टला बरोबर घेऊन ते कॉनकॉर्डला गेले. दुपारी तेथे आणि संध्याकाळी मँचेस्टरला अशी एकाच दिवसात दोन भाषणे झाली. मँचेस्टरच्या सभेत फ्रेडरिक स्मिथ यांनी त्यांची ओळख देशाचे पुढचे अध्यक्ष म्हणून करून दिली, अशी आठवण सांगितली जाते. शुक्रवारी डोव्हर झाले आणि शनिवारी खुद्द एक्सेटरच्या टाउन हॉलमध्ये, मुलाच्या शाळासोबत्यांसमोर, बोलायची वेळ आली. त्यांतल्या एकाने पुढे लिहिले आहे की विस्कटलेले केस, आखूड खुर्चीत कशीबशी दुमडलेली लांब तंगडी आणि उदास चेहरा पाहून बॉबचे, म्हणजे रॉबर्टचे, वडील असे कसे, म्हणून मुले हळहळली. पण ते बोलायला लागल्यावर दहा मिनिटांत हे सारे विसरले गेले आणि बॉबच्या वडिलांचा सगळ्यांना अभिमान वाटू लागला. सभेला आलेल्या बापाच्या दिसण्याने ओशाळलेल्या आणि मग उजळलेल्या मुलाचा चेहरा यापेक्षा वेगळ्या शब्दांत डोळ्यांपुढे उभा राहणार नाही.

रविवारी सभा नव्हती. त्या दिवशी लिंकन यांनी पत्नी मेरी यांना पत्र लिहिले, आणि या सबंध प्रवासात त्यांच्या मनात काय चालले होते ते त्यात उघड होते. या कष्टातून सुटका करून घेता आली नाही, आधी कल्पना असती तर पूर्वेकडे आलोच नसतो, असे त्यांनी लिहिले. न्यूयॉर्कचे भाषण हिशेबात धरलेले होते, ते बऱ्यापैकी पार पडले आणि त्याचा काही त्रास झाला नाही. अडचण आहे ती आणखी नऊ भाषणांची, कारण हे श्रोते वाचणारे आहेत आणि माझे सगळे विचार त्यांनी आधीच छापील स्वरूपात पाहिलेले आहेत. प्रत्यक्षात न्यूयॉर्कनंतरची भाषणे ११ झाली.

ही तक्रार मला फार मोलाची वाटते. भाषण छापले गेल्यामुळे नाव झाले, आणि छापले गेल्यामुळेच तेच भाषण दुसऱ्या गावात पुन्हा करता येईना. मग विषय तोच ठेवून रोज नवी वाट काढणे भाग पडले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी संविधानकर्त्यांची मते मोजली. पुढच्या आठवड्यात कनेटिकटमध्ये ते साप, अंथरूण आणि चांभारांचा संप यांवर आले. या आठ दिवसांत विद्वानांना पटलेली गोष्ट कारागिरांना पटेल अशी झाली, आणि ती श्रोत्यांच्या वाचनामुळे झाली.

सोमवार, ५ मार्च : हार्टफोर्ड

सिटी हॉलमधील सभेत त्यांनी सांगितले : रस्त्यावर विषारी साप दिसला तर मी काठी घेऊन त्याला मारीन. पण तोच साप माझ्या मुलांच्या अंथरुणात असेल तर बेताने घ्यावे लागेल, कारण घाव घालताना मुलांना इजा व्हायची. शेजाऱ्याच्या मुलांच्या अंथरुणात असेल आणि आपण मध्ये पडायचे नाही असा शेजाऱ्याशी करार असेल, तर हात अधिकच बांधलेले. मात्र नवे कोरे अंथरूण घातले आहे, मुलांना तेथे निजवायचे आहे, आणि कोणी म्हणेल की सापाची पिल्लेही त्यात सोडू या, तर काय करायचे याबद्दल कोणाच्याही मनात शंका राहणार नाही. रस्ता, घर, शेजार आणि नवे अंथरूण, एवढ्यात दक्षिणेची राज्ये, संविधानाची मर्यादा आणि पश्चिमेचे नवे प्रदेश येऊन गेले. दक्षिणेतील गुलामगिरीला त्यांना त्या वेळी हात लावायचा नव्हता, ही त्यांच्या भूमिकेची मर्यादाही याच दाखल्यात दिसते, आणि ती लपवून लिंकन समजत नाहीत.

सभेनंतर मशाली घेतलेल्या तरुणांच्या एका पथकाने त्यांना मुक्कामापर्यंत पोहोचवले. हे ‘वाइड अवेक’ नावाचे, म्हणजे टक्क जागे राहणाऱ्यांचे, मंडळ नुकतेच स्थापन झाले होते. मशालीचे तेल कपड्यांवर ओघळू नये म्हणून काही पोरांनी खांद्यावर मेणकापडाचे झगे टाकले आणि तोच त्यांचा गणवेश ठरला. सहा-सात महिन्यांत असे झगे घातलेली मंडळे उत्तरेच्या गावोगावी संचलन करू लागली.

मंगळवार, ६ मार्च : न्यू हेवन

सकाळी हार्टफोर्डमधील एका पुस्तकाच्या दुकानात गिडियन वेल्स या स्थानिक संपादक-पुढाऱ्याशी त्यांच्या गप्पा झाल्या. वर्षभराने हेच वेल्स त्यांच्या मंत्रिमंडळात नौदलाचे मंत्री झाले.

रात्रीच्या न्यू हेवनच्या भाषणात सापाचा दाखला पुन्हा आला, पण त्याहून महत्त्वाचे काही आले. मॅसॅच्युसेट्समधील लिन या गावी २२ फेब्रुवारीपासून जोडे शिवणाऱ्या कामगारांचा संप चालू होता. रिपब्लिकनांनी दक्षिणेला दुखावले, म्हणून जोड्यांची मागणी घटली आणि संप झाला, असे डग्लस यांचे म्हणणे होते. लिंकन यांनी या आरोपाला बगल दिली नाही. जेथे कामगाराला हवे तेव्हा संप करता येतो अशी पद्धत न्यू इंग्लंडमध्ये आहे याचा मला आनंद आहे, असे ते म्हणाले; माणसाला काम सोडता येते ती पद्धत मला आवडते आणि ती सगळीकडे असावी. पाठोपाठ त्यांनी सांगितले की पंचवीस वर्षांपूर्वी मी स्वतः मजुरी करत होतो, कुंपणासाठी ओंडके फोडत होतो, नावेवर राबत होतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. गुलाम आणि मजूर यांच्यातला भेद पगाराचा नसून काम नाकारता येण्याचा आहे, हे त्यांनी कारखान्यांच्या मुलखात उभे राहून, संप चालू असताना सांगितले. माझ्या मते या प्रवासातील सर्वांत धीट वाक्ये न्यूयॉर्कमध्ये नव्हे, येथे उच्चारली गेली.

बुधवार, ७ मार्च ते शनिवार, १० मार्च

बुधवारी मेरिडेनला सभा झाली आणि न्यू हेवनची मंडळी खास गाडीने तेथे गेली. त्याच दिवशी लिनमध्ये संपकरी स्त्रिया बर्फात मोर्चा घेऊन निघाल्या होत्या. गुरुवारी ऱ्होड आयलंडमधील वूनसॉकेट, शुक्रवारी पुन्हा कनेटिकटमधील नॉर्विच.

शनिवारी नॉर्विचहून निघालेल्या गाडीत जॉन गलिव्हर हे पाद्री त्यांच्याशेजारी बसले आणि हे इतके स्पष्ट बोलणे कोठून शिकलात, असे विचारू लागले. लिंकन यांनी सांगितले की येलच्या एका प्राध्यापकाने न्यू हेवनच्या भाषणाची टिपणे घेतली, दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर व्याख्यान दिले आणि तो मेरिडेनलाही ऐकायला आला, असे कानावर आले आणि आश्चर्य वाटले. मग स्वतःची गोष्ट निघाली. कायदा शिकताना ‘सिद्ध करणे’ हा शब्द वारंवार येई. त्याचा नेमका अर्थ शब्दकोशांतून उलगडेना. तेव्हा सारे बाजूला ठेवून ते वडिलांच्या घरी गेले आणि युक्लिडच्या भूमितीच्या सहा पुस्तकांतले कोणतेही प्रमेय समोर आले तरी मांडता येईपर्यंत परतले नाहीत. २१ विरुद्ध २ हा न्यूयॉर्कचा हिशेब अशा माणसाच्या हातचा होता. गलिव्हर यांनी हे संभाषण १८६४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच रात्री ब्रिजपोर्टला शेवटचे भाषण झाले.

११ ते १४ मार्च

रविवारी न्यूयॉर्कमध्ये ते पुन्हा बीचर यांच्या चर्चमध्ये गेले आणि नंतर फाइव्ह पॉइंट्स या दरिद्री वस्तीतील मुलांच्या आश्रमशाळेत डोकावले. शिक्षकांच्या विनंतीवरून ते चार शब्द बोलले. थांबू लागले की मुले, बोला, आणखी बोला, असा आग्रह करत. निघताना नाव विचारले तेव्हा इलिनॉयचा अब्राहम लिंकन, एवढेच त्यांनी सांगितले. सोमवारी गाडी धरून ते बुधवारी, १४ मार्चला, घरी पोहोचले.

त्या २०० डॉलरवरून पुढे वाद झाला. पक्षाच्या सभेचे पैसे घेतले, असे विरोधी पत्रे लिहू लागली, आणि लिंकन यांना एका संपादकाला खुलासा पाठवावा लागला. कनेटिकटमध्ये रिपब्लिकन गव्हर्नर बकिंगहॅम एप्रिलमध्ये अवघ्या ५४१ मतांनी निवडून आले. २९ एप्रिलला सिनेटर लायमन ट्रंबल यांना लिहिलेल्या पत्रात लिंकन यांनी अध्यक्षपदाविषयी प्रथमच मोकळेपणाने मान्य केले की ती चव जरा तोंडाला लागली आहे. १८ मे रोजी उमेदवार निवडण्यासाठी भरलेल्या पक्षाच्या शिकागोतील अधिवेशनात पहिल्या फेरीला त्यांचे प्रतिस्पर्धी सेवर्ड यांना १७३½ आणि लिंकन यांना १०२ मते पडली. न्यू हॅम्पशायरच्या १० मतांपैकी ७ लिंकन यांची होती. तिसऱ्या फेरीत उमेदवारी त्यांच्याकडे आली.

त्यानंतर ते प्रचाराला स्प्रिंगफील्डबाहेर पडले नाहीत. भूमिका विचारणाऱ्यांना त्यांनी आपली छापील भाषणे वाचायला सांगितले. रॉबर्टने उन्हाळ्यात हार्वर्डची परीक्षा दिली आणि या वेळी तो पास झाला. पूर्वेकडची गाडी लिंकन यांनी पुन्हा धरली ती ११ फेब्रुवारी १८६१ रोजी, निर्वाचित अध्यक्ष म्हणून. तेव्हा रॉबर्ट त्यांच्याबरोबर होता, आणि शपथविधीच्या भाषणाचे कागद ठेवलेली हातपिशवी सांभाळण्याचे काम वडिलांनी त्याच्याकडे दिले होते.